मोठ्याचं सालन

माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसात 'चिली' शिजवण्याची स्पर्धा होती. त्यानं एका वाडग्याचा फोटो पाठवला. गडद तांबडा रस्सा, त्यात गोश्तच्या बोट्या, वर तेलाची लाल तर्री. खाली लिहिलं होतं, 'मामू, नानीच्या सालनसारखं लागतं.' मी फोन अम्मीच्या हातात दिला. तिनं चष्मा नाकावर सरकवत पाहिलं आणि म्हणाली, "ये तो अपनाही है. लेकिन इसमें राजमा किसने डाला?"

अम्मीला माहीत नव्हतं, पण हा प्रश्न टेक्सासमध्येही भांडणं लावतो. तिथले जुने लोक म्हणतात, चिलीत कडधान्य घातलं की ती चिली राहत नाही. गोश्त, सुक्या मिरच्या, जिरं, लसूण, बस्स. 1977 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं या पदार्थाला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, तरी राजम्याचा वाद काही मिटलेला नाही.

एका रविवारी मंगरूळपीरला आमच्या घरी मीही चिली केली. एक किलो मोठ्याचं, रानचं, बोट्या जरा लहान करून. बारा-पंधरा सुक्या मिरच्या देठं काढून तव्यावर किंचित शेकल्या, गरम पाण्यात भिजवल्या, मग लसूण आणि भाजलेल्या जिऱ्यासोबत वाटल्या. आधी गोश्त तेलात चांगलं तपकिरी होईपर्यंत परतलं, मग कांदा, मग वाटण, दोन टमाटे आणि मीठ. कुकर न लावता देगचीतच, मंद आचेवर पावणेतीन तास. राजम्याऐवजी शेवटी भिजवून उकडलेली मूठभर बरबटी टाकली, कारण आमच्या घरात गोश्तमध्ये बरबटी चालते, राजमा 'पंजाबी' समजला जातो. मक्याच्या पावाऐवजी ज्वारीची भाकर. अम्मीनं एक घास घेतला आणि म्हणाली, धने राहिले. बाकी तक्रार नव्हती.

दोन पदार्थ इतके सारखे कसे, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. धागा ओढत गेलो तर तो टेक्सासहून निघून थेट आमच्या वऱ्हाडच्या नावाच्या एका कायद्यापर्यंत आला.

आधी मिरची. ती आपल्याकडची नाही. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतून ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठीनं तिला नवं नावही दिलं नाही, मिऱ्यावरूनच 'मिरची' केलं. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं दिली आहेत. त्यात काळी मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचीही माहिती आहे. म्हणजे अकबराच्या फौजांनी वऱ्हाड घेतलं त्या काळात बादशाहच्या देगेत मिरची पोचली नव्हती. आणि आज विदर्भात तिखटाशिवाय जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चारशे वर्षांत पाहुणी घरमालकीण झाली.

टमाटा, मका आणि राजमाही तिकडचेच. उलट दिशेनं इथून-तिथून गेलं ते जिरं आणि गोश्त. अमेरिकेत गाय-बैल नव्हते, ते स्पॅनिश लोकांनी नेले. जिरंही त्यांनीच नेलं. स्पॅनिशमध्ये त्याला कोमिनो म्हणतात, अरबीत कम्मून, दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. 1731 मध्ये कॅनरी बेटांवरची काही कुटुंबं सॅन अँटोनियोत येऊन वसली, चिलीतलं जिरं त्यांच्यामुळे आलं असं तिथं सांगतात.

चिली मोठी झाली ती मात्र गरिबांच्या हातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियोच्या लष्करी चौकात संध्याकाळी मेक्सिकन बायका कंदील लावून, लाकडाच्या टेबलांवर मोठ्या हंड्यांतून चिली विकायच्या. मजूर, सैनिक, गुराखी, गाडीवान तिथं जेवायचे. या बायकांना 'चिली क्वीन' म्हणत, पण नाव राण्यांचं असलं तरी चूल फुटपाथवरची होती. गोश्त कमी किमतीचं, चिवट. म्हणूनच ते तासन् तास शिजवायचं आणि मिरचीनं झाकायचं. पुढं 1930 च्या दशकात शहराच्या आरोग्य खात्यानं स्वच्छतेचं कारण देत या बायकांना चौकातून उठवलं. पदार्थ डब्यात भरून देशभर विकला गेला, बायका गेल्या.

लांबच्या प्रवासाला निघालेले लोक सुकं गोश्त, चरबी आणि मिरची एकत्र कुटून त्याच्या विटा करून नेत आणि वाटेत पाण्यात उकळत, असंही तिकडं सांगतात. हे वाचलं तेव्हा मला चान्या आठवल्या. मोठ्या जनावराच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात सुकवून साठवायच्या आणि पावसाळ्यात, कामं नसताना, तिखट घालून शिजवायच्या. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमधल्या या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं आहे. मोठ्याचं हा फक्त मुसलमानांचा पदार्थ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते जरूर वाचावं. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर अस्पृश्यतेचं मूळ शोधताना हाच प्रश्न मध्यभागी ठेवला होता.

1893 हे साल मला विशेष वाटतं. त्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला आणि अमेरिकेनं या पदार्थाची चव घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. गोरक्षणाच्या चळवळीनं तापलेलं वातावरण आणि काठेवाडातल्या प्रभासपाटणच्या दंगलीची बातमी, ही त्यामागची कारणं. एकाच जनावराचं मांस एका खंडात जत्रेतला खाऊ झालं, दुसऱ्यात दंगलीचं निमित्त.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. आमचं गाव वऱ्हाडातलं. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे मंगरूळच्या नावाला 'पीर' लागला. बिरबलनाथ महाराजांचं संस्थानही इथलंच. दोन्हीकडे दोन्हीकडचे लोक जातात, त्यात कुणाला आश्चर्य वाटत नाही. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणून स्वातंत्र्यानंतर आम्हाला लागू झालेल्या पहिल्या कायद्याचं नाव 'सी.पी. अँड बेरार अ‍ॅनिमल प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट, 1949' असं आहे. पुढच्या दुरुस्त्यांनी तो कडक होत गेला आणि गायीबरोबर बैलही त्यात आले.

या कायद्याला, तसंच बिहार आणि उत्तर प्रदेशच्या कायद्यांना कुरेशी आणि त्या धंद्यावर पोट असलेल्या लोकांनी थेट सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार सरकार, निकाल 1958 चा, सरन्यायाधीश एस. आर. दास. विदर्भ 1956 मध्येच मुंबई राज्यात आला होता, त्यामुळे आमच्या नावाच्या कायद्याची बाजू मध्य प्रदेश सरकार मांडत होतं. पण निकालात 'बेरार' हा शब्द वारंवार येतो, आणि तो वाचताना मला आपलं गाव कोर्टात उभं असल्यासारखं वाटतं.

कोर्टानं गाय आणि वासरांच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली. पण काम न देणाऱ्या म्हाताऱ्या बैलांवरही सरसकट बंदी घालणं अवाजवी ठरवलं. वयाची किंवा उपयुक्ततेची कसोटी न लावता बैल मारायचेच नाहीत, हे वऱ्हाडच्या कायद्यातलं कलम टिकलं नाही. धर्माच्या मुद्द्यावर कोर्ट म्हणालं, बकरीदला गायच कुर्बान केली पाहिजे असं बंधन नाही. एका माणसामागे एक बकरा, किंवा सात जणांत मिळून एक गाय वा उंट, असा पर्याय आहे. इथंच कोर्टानं एक गोष्ट जाताजाता कबूल केली, ती मला फार मोलाची वाटते: सात माणसांच्या कुटुंबाला एक गाय परवडेल, सात बकरे परवडणार नाहीत, म्हणजे धर्माची नसली तरी खिशाची सक्ती असू शकते. मोठ्याचं गरिबांच्या जेवणात का असतं, याची चर्चाही त्या निकालात आहे. आमच्या मोहल्ल्यात हे समजायला वकील लागत नाही. 'सातवा हिस्सा' हा शब्द पोरांनाही माहीत असतो.

1976 मध्ये महाराष्ट्रानं सगळ्या राज्यासाठी एकच कायदा केला. गाय बंद, बैल मात्र निकामी झाल्याचं प्रमाणपत्र असेल तर चालेल. माझं लहानपण या व्यवस्थेत गेलं. 1995 मध्ये युती सरकारच्या काळात बैलही बंद करणारी दुरुस्ती विधिमंडळानं मंजूर केली, ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी वीस वर्षं पडून राहिली. मधल्या काळात, 2005 मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं गुजरातच्या खटल्यात 1958 ची भूमिका बदलून बैलांवरची पूर्ण बंदीही वैध ठरवली. आणि 2015 च्या मार्चमध्ये आपली दुरुस्ती लागू झाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद, नुसतं मांस जवळ बाळगलं तरी एक वर्षापर्यंत. 6 मे 2016 ला मुंबई हायकोर्टानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो, याचा संबंध कोर्टानं त्याच्या खासगी आयुष्याशी जोडला.

म्हैस आणि रेडा या बंदीबाहेर राहिले. विदर्भाची स्वतःची म्हैस आहे, नागपुरी. तिला वऱ्हाडी आणि एलिचपुरीही म्हणतात. लांब, मागं तलवारीसारखी वळलेली शिंगं, उन्हाला चिवट. आमच्या देगचीत आता तीच असते. पुस्तकात चिलीला बीफ लागतं, मंगरूळपीरच्या चिलीला म्हैस. तिचं गोश्त जास्त गडद, कमी चरबीचं, शिजायला अर्धा तास जास्त घेतं. भाचा म्हणतो चव वेगळी असणार. असेल.

कायद्यानं चवीपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी जास्त बदलल्या. एक, शेतकऱ्याचा हिशेब. आमच्या ओळखीचे एक कास्तकार आहेत, कापूस-तूर लावतात, जात कुणबी. पूर्वी जोडी थकली की बाजारात विकायचे, त्यात भर घालून नवी आणायचे. थकलेला बैल म्हणजे नव्या बैलाचा अर्धा पैसा. मागं भेटले तेव्हा म्हणाले, "आता बुढ्या बैलाले कोन घेते, भाई? अन् चारा कुठून आनू?" ते माळकरी आहेत, आयुष्यात मोठ्याचं खाल्लेलं नाही. त्यांचं नुकसान मात्र आमच्या कुरेश्यांएवढंच झालं, आणि त्याची मोजदाद दोघांच्याही नावावर होत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. आमच्याकडे पूर्वीही 'बडे का' म्हणत, पण ते फक्त छोट्यापासून वेगळं सांगण्यासाठी. आता तो शब्द हळू आवाजात येतो. पिशवी काळी लागते. म्हशीचं असलं, पावती असली, तरी बसमध्ये डबा उघडताना आधी शेजारी कोण आहे ते पाहिलं जातं. माझी धाकटी बहीण प्रवासात सालन नेतच नाही, अंडी नेते. कायद्यात म्हशीला सूट आहे, पण डब्यात म्हैस आहे हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि सिद्ध करायची वेळ कुठं, कुणासमोर येईल हे नेणाऱ्याला कळत नाही.

भाच्यानं पुढच्या स्पर्धेसाठी नानीची कृती मागितली. मी फोन स्पीकरवर ठेवला, अम्मी सांगत गेली: मिरची किती, धने किती, लसूण सोलून की सालीसकट. गोश्त कोणतं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिचा आवाज सवयीनं खाली गेला. "बडे का," ती म्हणाली, आणि उठून खिडकी लोटून आली. पलीकडून भाचा ओरडला, "नानी, ज़ोर से बोलो, सुनाई नहीं दिया!"