आईच्या दंडात, बाळासाठी

गेल्या आठवड्यात नेरुळहून वहिनीचा फोन. तिला आठवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी डांग्या खोकल्याची लस घ्यायला सांगितलीये. तिचा प्रश्न: "अगं, मला कुठे खोकला झालाय?" माझी पीएचडी लसीकरणाच्या इतिहासावर, त्यामुळे उत्तर जरा लांबलंच. तेच तुमच्यासाठी लिहितेय.

सुरुवात धनुर्वातापासून करू. घरी बाळंतपण व्हायचं, नाळ विळ्याने नाहीतर ब्लेडने कापली जायची. त्यातून जंतू शिरले की आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ पडायचं. जन्मल्यावर लस देऊन उपयोग नव्हता, कारण तेवढा वेळच हातात नसायचा. मग लस आधी आईलाच दिली तर? १९६१ साली न्यू गिनीतल्या अभ्यासाने दाखवलं की असं केल्याने बाळं वाचतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदर बायकांसाठी टीटी १९८३ मध्ये आलं. २०१५ पर्यंत भारतातल्या प्रत्येक जिल्ह्यात नवजात बाळांचा धनुर्वात हजार जन्मांमागे एकाहून कमी झाला. त्यात स्वच्छ बाळंतपणाचा वाटाही मोठा आहे, हे विसरू नका.

हे घडतं कसं? लस घेतली की आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात. सगळ्यात जास्त जातात ती शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून तर वहिनीला आत्ता सांगितलं.

आता तिचा खोकला. आपल्याकडे बाळाला डांग्या खोकल्याविरुद्धचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात मिळतो. तोवर त्याच्याकडे आईने दिलं तेवढंच. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये या आजाराने १४ तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तिथे गरोदर बायकांना लस देणं सुरू झालं.

तिसरा शत्रू म्हणजे आरएसव्ही हा विषाणू. मोठ्यांना नुसती सर्दी, पण तान्ह्या बाळाला धाप लागते. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याची लस थेट बाळांना देऊन पाहिली. पुढे संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली बाळंच जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. त्या धक्क्याने संशोधन कित्येक वर्षं मागे पडलं. २०१३ मध्ये विषाणूच्या एका प्रथिनाचा, पेशीत शिरण्याआधीचा नेमका आकार कळला. त्यावरून बनवलेली लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि ती बाळाला नव्हे, गरोदर आईला द्यायची.

हे सगळं परदेशातलं वाटतंय? मग मेळघाटात या. तिथे २०१६ ते २०१८ दरम्यान गावोगाव नोंदी ठेवून अभ्यास झाला. आरएसव्हीने झालेले बहुतेक मृत्यू दवाखान्यात नाही, गावातच झाले होते, आणि बाळं सहा महिन्यांच्या आतली होती. दवाखान्याचे आकडे पाहून हे कधी कळलंच नसतं.

आज आपल्या सरकारी केंद्रात गरोदर बाईला टीडी फुकट मिळतं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकल्याची लस मात्र खाजगीत, पदरचे पैसे मोजून. नेरुळच्या वहिनीला ती परवडते. मेळघाटातल्या आईचं काय, हा पुढचा प्रश्न. टीटीने एकेकाळी तो सोडवला होता, कारण ते प्रत्येकीला मिळालं.

वहिनीला मी एवढंच म्हटलं, "सुई तुझी, लस त्याची."