माया लोकांची नीळ

मेक्सिकोच्या चियापास मुलखातील बोनाम्पाक येथे, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेल्या भित्तिचित्रांत जो आकाशवर्णी निळा रंग बाराशे वर्षांची दमट हवा सोसून अद्याप टिकून आहे, तो काही खनिज नव्हे. निळीच्या झुडपाच्या पाल्यातून निघालेल्या रंगाचा आणि पॅलिगोर्स्काइट नावाच्या पांढऱ्या मातीचा तो संयोग आहे. नुसत्या निळीवर तीव्र नत्राम्ल पडले की तिचा वर्ण नष्ट होतो. हा संयोग मात्र त्या आम्लालाही दाद देत नाही.

युकातानमधील चिचेन इत्झा येथील योद्ध्यांच्या मंदिरातील रंगाचे परीक्षण करून मर्विन या संशोधकाने 1931 साली या रंगाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. 1962 साली गेटन्सने त्यास न सुटलेले कोडे म्हटले. आणि 1966 साली व्हॅन ओल्फेनने नीळ व ही माती एकत्र तापवून तसाच अविकारी रंग सिद्ध करून दाखविला. मातीच्या स्फटिकांत नॅनोमीटरहूनही अरुंद अशा नलिका असतात; शंभर अंशांच्या वर आंच लागली की त्यांतील पाणी निघून जाते आणि निळीचे रेणू मातीशी जखडले जातात. ते नलिकांत शिरतात की केवळ त्यांच्या मुखाशी अडकतात, यावर पंडितांत अजून मतभेद आहेत. एवढ्यावरून माया लोकांस नॅनोशास्त्र अवगत होते असे म्हणणे, आपल्याकडील विमानविद्येच्या दाव्यांइतकेच भाबडेपणाचे ठरेल. त्यांस अवगत होती ती माती, आणि आंच किती द्यावी याचा अदमास.

बळी द्यावयाच्या माणसास निळा रंग फासून मग वेदीवर नेत, अशी नोंद सोळाव्या शतकातील दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्माधिकाऱ्याने केली आहे. आणि याच गृहस्थाने 1562 साली मानी येथे माया पोथ्यांची होळी केली, हेही इतिहासाच्या दप्तरात नमूद आहे. असे बळी ज्यात टाकीत, त्या चिचेन इत्झाच्या पवित्र डोहाच्या तळाशी निळ्या गाळाचा सुमारे चार मीटरांचा थर सापडला. त्याच डोहातून निघालेल्या, शिकागोच्या संग्रहालयातील एका धूपपात्रात मानवशास्त्रज्ञ डीन अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ही माती व नीळ यांचे अंश मिळाले, आणि कोपाल धुपाच्या आंचेवर विधीच्या वेळीच रंग तयार होत असावा, असे अनुमान त्यांनी 2008 साली मांडले. मला ते ग्राह्य वाटते.

पण या प्रकरणातील खरा दाखला युकातानमधीलच तिकुल गावच्या कुंभारांचा. विद्वान ज्या मातीचा माग प्रयोगशाळेत काढीत होते, ती 'साक लुउम' या नावाने हे कुंभार नित्य ओळखत होते, आणि ती साकालुम गावच्या खाणीत मिळते, हेही त्यांस ठाऊक होते. अर्नोल्डने 1960 च्या दशकात त्यांच्याकडे चौकशी केली, तेव्हा कुठे ही गोष्ट विद्वानांच्या दप्तरी दाखल झाली.