पाव इंचाचा हिशोब

मंडळी, परदेशात राहणाऱ्या माझ्या एका पुतणीने क्विल्टिंगचा वर्ग लावला आहे. म्हणजे गोधड्या शिवायचा वर्ग! वालूरच्या आमच्या जुन्या बायकांना हे कुणी सांगितलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. तिचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "आत्या, पाच पट्ट्यांचा दहा इंची चौकोन आहे. कागदावर आखणी छापून घेते, त्या कागदावर कापड ठेवून रेघेवर शिवते. तरी एका बाजूने दहा भरतो आणि दुसऱ्या बाजूने साडेनऊ. असे चौकोन एकमेकांना जोडू कशी?" मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. उत्तर द्यायच्या आधी मागे वळून बघायची खोड काही जात नाही.

कापडाच्या तुकड्याला कागदाचा आधार द्यायची रीत युरोपात बरीच जुनी. इंग्लंडमधल्या क्विल्टर्स गिल्ड या संस्थेच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे. त्यावर १७१८ हे साल आहे, आणि त्याच्या पोटात त्या वेळचे कागद अजून तसेच आहेत. रीत अशी की हव्या त्या मापाचा कागद कापायचा, कापड थोडं मोठं घ्यायचं, त्याच्या कडा कागदावर दुमडून कच्चे टाके घालायचे, आणि असे दोन तुकडे कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. कापड तिरकं ओढलं की लांबतं, कागद लांबत नाही. सगळी मेख एवढ्यात आहे. आजूबाजूचे तुकडे जोडून झाले की कच्चे टाके उसवून कागद काढायचे. काही आतच राहून जायचे. जुनी पत्रं, वह्यांची पानं, हिशोबाचे कागद, जे हाताशी असेल ते कापलेलं. आता अभ्यासक ती अक्षरं वाचून पांघरुणाचा काळ ठरवतात. इतिहासाच्या बाईला याचा हेवा वाटणारच!

तुकडे जोडायचं काम फक्त बायकांचंच होतं असंही नाही. फ्रान्सिस ब्रेली नावाच्या इंग्रज शिपायाने हिंदुस्थानात नोकरीला असताना, १८६४ ते १८७७ च्या दरम्यान, लोकरी कापडाच्या बारीक तुकड्यांची एक गोधडी केली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आता आमच्याकडचं. आमच्या वाकळीला कागद लागतच नसे, कारण तिथे मापाचा चौकोन असा नव्हताच. जुनं लुगडं सारवलेल्या जमिनीवर अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि काठापासून ठिगळं लावत यायचं. दुसऱ्या ठिगळाची कड पहिल्यावर चढवायची, दुमडायची आणि धावदोरा घालत पुढे सरकायचं. काठाने एक फेरा, मग त्याच्या आत दुसरा, असं करत मध्याशी पोचायचं. आमच्या वालूरच्या बारवेच्या पायऱ्या जशा गोल फिरत खाली उतरतात, तसंच. तुकडा बोटभर मोठा असला तर शेजारच्याखाली सरकवला, लहान असला तर वर आणखी एक आला. चूक जागच्या जागी जिरायची, पुढे साठत जायची नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही काठाकडून आत येतात.

मापं हातावरची. बारा अंगुळांची वीत, चोवीस अंगुळांचा हात. जुन्या कोष्टकात आठ जवांचं एक अंगुळ होतं. हात अठरा इंचांचा धरला तर अंगुळ पाऊण इंचाचं होतं, आणि क्विल्टवाल्यांची ती पवित्र पाव इंचाची शिवण येते पावणेतीन जवांच्याही किंचित आत! १९५६ साली मीटरचा कायदा झाला आणि १९५८ पासून नवी वजनमापं टप्प्याटप्प्याने आली. शाळेत आम्ही सेंटिमीटर घोकत होतो आणि घरी आई वाकळ विती टाकूनच मोजत होती. वाकळ धावदोऱ्याने आवळते, म्हणून वीतभर जास्तच धरायची.

पण बाळाच्या दुपट्यावर चौकोन हवे असले की तीच आई पोस्टकार्ड काढायची. आखूड बाजू लांब बाजूवर दुमडून नेमका चौरस कापायचा आणि त्यावरून सगळे तुकडे बेतायचे. १८७९ पासून सरकार घरोघरी एकसारखे कागद पोचवत होतं, ते असे उपयोगी पडले. काठ झिजला की नवं पोस्टकार्ड. झिजलेल्या मापावर ती कधीच कापायची नाही.

तर पुतणीचं उत्तर. छपाई चुकली असती, म्हणजे संगणकाने चित्र कागदात बसवायला लहान केलं असतं, तर चौकोन दोन्ही बाजूंनी कमी भरला असता. (तरी दर वेळी एक इंचाचा चौकोन छापून पट्टीने मोजावाच.) इथे एकच बाजू कमी आहे, म्हणजे दोष पट्ट्या एकमेकींना जोडण्यात आहे. पाच पट्ट्या म्हणजे चार शिवणी. सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवण रेघेच्या आत अर्धं सूत गेली तरी ती दोन्ही पट्ट्यांचं अर्धं अर्धं मिळून एक सूत खाते. चार शिवणींची चार सुतं, म्हणजे अर्धा इंच. गेला तो तिथे गेला! उपाय एवढाच की रेघेच्या दोन्ही टोकांना टाचणी आरपार घालून दोन्ही कागदांवरच्या रेघा जुळवाव्यात, मग शिवावं. इस्त्री कोरडी फिरवावी, वाफेने कागद आक्रसतो. आणि शेजारचा चौकोन जोडल्याशिवाय कागद फाडू नये.

तिचे पुढचे दोन चौकोन दोन्ही बाजूंनी दहा भरले, असा निरोप आला.

माझ्या मनात मात्र त्या १७१८ च्या पांघरुणातले कागद राहिले. आमच्या वाकळींच्या पोटात कागद नाही, कुठे साल नाही, नाव नाही. विरल्या की त्यांचं पायपुसणं व्हायचं, मग पोतेरं, मग उकिरडा. इतक्या बायकांचं इतकं काम, आणि दाखवायला हातात काही नाही. आईच्या हातची एक वाकळ माझ्याकडे उरली आहे. तिच्यात माझ्या आजीचं हिरवं लुगडं आहे, वडिलांच्या सदऱ्याची बाही आहे आणि माझा शाळेचा निळा परकर आहे. परवा पांढऱ्या कापडाची एक पट्टी घेतली, त्यावर आईचं नाव, गाव आणि अंदाजे साल न पुसणाऱ्या शाईने लिहिलं आणि मागच्या कोपऱ्यावर शिवून टाकली. बहिणींनो, भाच्यांनो, तुमच्या ट्रंकांमध्ये, माळ्यावर अशा वाकळी अजून असतील. कुणी शिवल्या आणि कोणतं ठिगळ कुणाचं, हे सांगणारं घरात कुणी आहे तोवर त्यावर एवढं लिहून ठेवा. पट्टी कापायला पोस्टकार्ड चालेल.