सुरक्षा अधिकारी, विद्यापीठीय

विद्यापीठाच्या प्रयोगशाळा, कर्मशाळा व वसतिगृहे यांत वावरणाऱ्यांचा अपघात, आग व व्यावसायिक रोग यांपासून बचाव करण्यासाठी तपासणी, प्रशिक्षण आणि दप्तर सांभाळणारा अधिकारी.

हे पद मूळचे कारखान्यातले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली घातलेल्या कलम ४०-ब अन्वये १,००० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत ही नेमणूक सक्तीची झाली, व महाराष्ट्राने १९८२ मध्ये तिचे नियम केले [⟶ कारखाने अधिनियम]; परंतु विद्यापीठ हा कारखाना नव्हे, आणि ही जबाबदारी तेथे बहुधा कुलसचिव, अभियंता व विभागप्रमुख यांत वाटली जाते. किरणोत्सर्गी साधनांपुरता अपवाद आहे. किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या २००४ च्या नियमांनी अशी साधने वापरणाऱ्या संस्थांत स्वतंत्र अधिकारी आवश्यक ठरविला. दिल्ली विद्यापीठातून भंगारात गेलेल्या गॅमा किरणन यंत्रातील कोबाल्ट-६० मुळे २०१० मध्ये मायापुरीत एकाचा मृत्यू ओढवला, तेव्हा निर्लेखनाचा साधा कागदही सुरक्षेचाच विषय असल्याचे दिसले [⟶ किरणोत्सर्ग].

सुरक्षेची कर्तव्ये स्थानिक हवामानानुसारही ठरतात; याचे उदाहरण खानदेशात दिसते. जळगाव जिल्ह्यातील रावेरची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात ते जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. खानदेशात उन्हाळ्याचा पारा ४५° से. ओलांडतो, आणि ईथर तर सुमारे ३५° से. तापमानासच उकळते, त्यामुळे द्रावकांची साठवण, वायुवीजन व बाष्पांपासून ठिणगी दूर ठेवणे ही येथील रसायनशाळांत प्रथम कर्तव्ये ठरतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगप्रतिबंधक अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारकाचा दाखला दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावा लागतो [⟶ अग्निशमन].