पावसाळ्यात कोणती घाटवाट धरावी? आंदर मावळाचा इतिहास काय सांगतो

आषाढ लागला की 'या शनिवारी कुठे?' हा प्रश्न दुर्गप्रेमींच्या प्रत्येक समूहात फिरू लागतो. या थ्रेडमध्ये तोच प्रश्न इतिहासाला विचारून पाहू. क्षेत्र मुद्दाम लहान घेतले आहे : आंद्रा नदीचे खोरे, म्हणजे आंदर मावळ, आणि त्याच्या दक्षिणेस लागून असलेला लोणावळा-कार्ल्याचा परिसर.

आरंभ कार्ल्याच्या लेण्यापासून करावा लागतो. तेथील एका सातवाहनकालीन लेखात 'मामालाहार' हे प्रदेशनाम आले आहे. आजच्या 'मावळ' या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात धागा. त्याच लेण्यातील दुसरा लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. वलूरक, म्हणजे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दान दिले. या दानामागे ऋतूचा विचार आहे. आठ महिने फिरणाऱ्या भिक्षूने पावसाचे महिने एका जागी काढावेत, असा संघाचा नियम होता. त्या महिन्यांत सह्याद्रीत राहायचे तर कोरडी जागा हवी आणि अन्नाची सोय हवी. लेणे ही पहिली गरज भागवी, करजिक गाव दुसरी. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी या डोंगरात पावसाळ्याचे नियोजन होत होते, आणि ते 'कोठे चढावे' याचे नसून 'कोठे थांबावे' याचे होते.

लष्करी इतिहासही हेच दाखवतो. कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरणारा कारतलबखान उंबरखिंडीत कोंडला गेला तो फेब्रुवारी १६६१ मध्ये. इंग्रजांनी विसापूर आणि लोहगड घेतले ते मार्च १८१८ मध्ये. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि मृग बरसण्याआधी छावणीस परतावे, हा मराठी फौजांचा परिपाठ होता.

'मग पावनखिंड?' असे कोणी विचारील, आणि ते योग्यच होईल. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते भर पावसात, आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडी पोचले. पावसाळी भटकंतीचे आपले सारे आकर्षण या एका रात्रीवर पोसले गेले आहे. पण त्याच मुलखातला दुसरा प्रवास आपण सहसा आठवत नाही. जून १७०२ मध्ये औरंगजेबाने विशाळगड मिळवला आणि भर पावसात तो पन्हाळ्याकडे निघाला. तेवढे अंतर तोडायला बादशाही लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. फुगलेल्या ओढ्यांनी आणि चिखलाने माणसे गेली, जनावरे गेली, सामान गेले. दोन प्रवासांत फरक होता तो ओझ्याचा आणि माहितीचा. महाराजांसोबतचे बांदल हिरडस मावळातले होते. डोंगर, पाऊस आणि अंधार त्यांच्या रोजच्या जगण्यातले. शिवाय महाराज त्या रात्री निघाले ते वेढ्यातून सुटण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता म्हणून. आपल्याला रविवारी तशी निकड कोणती?

आता आंदर मावळात येऊ. कान्हे फाट्यावरून टाकवे, वडेश्वर करीत रस्ता खांडी-कुसूरकडे जातो. कुसूरच्या पठारावर सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कर्जतचा मुलूख दिसतो. येथून भिवपुरीकडे उतरणारा कुसूर घाट ही जुनी व्यापारी वाट. लमाणांचे बैल चढावेत म्हणून ती ठिकठिकाणी दगडांनी बांधून काढली होती. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी या वाटेवर तळे बांधवल्याची नोंद इंग्रजी गॅझेटिअरात मिळते. तळे बांधले जाते ते पाण्याची ओढ असलेल्या दिवसांतल्या प्रवाशांसाठी. श्रावणात त्या वाटेवर पाण्याची वाण कोणाला भासणार? घाट राबता होता तो उघडिपीच्या महिन्यांत, हे त्या तळ्यावरूनही ताडता येते.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये तेथे रेल्वे आली आणि कुसूरचे महत्त्व ओसरले. पुढे टाटांनी ठोकरवाडीचे धरण बांधून आंद्रेचे पाणी बोगद्याने पश्चिमेस वळवले. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. आजचा रस्ता जलाशयाला वळसा घालून जातो तो यामुळेच. बैलांची ये-जा थांबली तसे घाटातील दगड सुटले आणि फरसबंदीवर शेवाळ धरू लागले. नकाशावर 'प्राचीन राजमार्ग' वाचून जुलैत तो उतरू पाहणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की ज्या डागडुजीवर तो मार्ग टिकून होता ती थांबून दीड शतक होत आले.

म्हणून निवड करताना जागा मुळात कशासाठी होती, हे आधी पाहावे. खांडी-कुसूरचे पठार, वस्तीला धरून आणि कड्यापासून पुरेसे आत राहून चालावे. पावसाळ्यासाठी ही उत्तम वाट. धुके दाटले की कडा कोठे संपतो ते कळत नाही, तेव्हा गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. कुसूर किंवा सावळ्याची घाटवाट मात्र उतरू नये. कार्ले, भाजे ही तर पावसाळ्यासाठीच कोरलेली घरे. लोहगडाला पायऱ्यांची रुंद वाट आहे, फक्त गर्दीचा वार टाळावा. विसापूरचे प्रकरण वेगळे. भाज्याच्या बाजूने वर नेणाऱ्या कातळपायऱ्या नाळेतून जातात आणि पावसात तीच नाळ धबधबा होते. त्या धारेतून चढण्याचे चलचित्र फार पाहिले जाते, हे मान्य. पण गडाची वाट सुगम असू नये, असा दंडक आज्ञापत्रात घालून दिला आहे, तो चढून येणाऱ्याला अडवण्यासाठीच. राजमाचीला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे लांब पण फारशी चढण नसलेली वाट आहे. मधला ओढा फुगला असेल तर मागे फिरावे. ढाक बहिरीची कातळातली आडवी चाल पावसाळ्यात विचारातही घेऊ नये.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती जागा कड्यावर नव्हती, दुर्गम तर नव्हतीच. पाणी वरच्या डोंगरात पडते आणि लोंढा खाली येतो. खाली उभ्या असलेल्याला आकाश उघडे दिसत असतानाही तो येऊ शकतो. प्रशासन अशा ठिकाणी मनाईचे आदेश काढते ते निघण्यापूर्वी वाचावेत.

कुसूर घाट ज्यांना पाहायचाच आहे, त्यांनी मार्गशीर्ष धरावा. तोवर गवत वाळलेले असते, शेवाळ सुटलेले असते आणि जुन्या फरसबंदीचे दगड एकेक मोजता येतात.