सरहद्दीवरचे गाव आणि आसऱ्याचा कायदा

जाफराबाद आज जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. 1981 साली जालना जिल्हा झाला. त्यापूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तालुक्याला लागूनच बुलढाणा जिल्हा, म्हणजे त्या काळी इंग्रजी अमलातला वऱ्हाड. बोली एक, पीकपाणी एक, सोयरिकीही दोन्हीकडे. 15 ऑगस्ट 1947 रोजी वऱ्हाड स्वतंत्र भारतात गेला आणि निजामाने विलीनीकरण नाकारले. पुढचे तेरा महिने चिखली किंवा देऊळगाव राजाकडे जाणे म्हणजे एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जाणे झाले. निर्वासित म्हटले की आपल्याला पंजाब आणि बंगाल आठवतो. मराठवाड्याच्या या सरहद्दीवरही निर्वासित होते, हे मात्र आपण क्वचितच बोलतो.

ही ये-जा दोन्ही दिशांनी झाली. कासीम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत मांडलेल्या दहशतीमुळे संस्थानातील असंख्य हिंदू कुटुंबे सीमा ओलांडून भारतीय हद्दीत गेली. याच काळात मध्य प्रांत, वऱ्हाड आणि इतर प्रांतांतील भयभीत मुसलमान हैदराबादेत आसऱ्याला आले. दोघांच्या डोक्यावर सारखेच गाठोडे होते. यातील एकाचे दुःख सांगून दुसऱ्याचे लपवणारा इतिहास अर्धाच राहतो.

हैदराबादने या पाहुण्यांना जागा दिली. हक्क मात्र दिले नाहीत. संस्थानात मुल्की आणि गैरमुल्की असा भेद होता. 1919 च्या फर्मानाप्रमाणे बाहेरून आलेल्याला मुल्की ठरण्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे आणि सरकारी नोकरी मुल्कीलाच मिळे. म्हणजे धर्माच्या नावाने ज्याला जवळ केले, तोही कायद्याने परकाच राहिला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर या आश्रितांना आपापल्या प्रांतात परत धाडण्याचे धोरण आले. ज्या प्रांतांतून ते आले होते, ते प्रांत त्यांना घ्यायला फारसे उत्सुक नव्हते.

खरा कहर झाला तो मराठवाड्याच्या खेड्यांतील मुसलमानांवर. रझाकारांच्या पापाचा हिशेब ज्यांनी कधी रझाकारीत पाऊलही टाकले नव्हते त्यांच्याकडून वसूल झाला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानाचा दौरा केला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मिळून किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागली. औरंगाबाद जिल्हाही सुटला नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. तो अहवाल अनेक दशके दप्तरातच राहिला.

गाव सोडून हैदराबाद शहराच्या आश्रयाला गेलेल्या या माणसांना कायद्यात नावच नव्हते. फाळणीतल्या विस्थापितांसाठी केंद्रात पुनर्वसन खाते होते. 1950 आणि 1954 च्या कायद्यांनी त्यांचे दावे आणि भरपाई ठरवली. पण ते कायदे पाकिस्तानातून आलेल्यांपुरते होते. मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यातून पळालेला शेतकरी देशातल्या देशात हलला होता. म्हणून तो त्या व्याख्येत बसत नव्हता. त्याची जमीन गेली, बैल गेले आणि दाव्याचा फॉर्मही त्याच्या वाट्याला आला नाही. खुद्द रझवी मात्र 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला आणि तिथे त्याला आश्रय मिळाला. पुढाऱ्याला देश मिळाला, रयतेला गावही मिळाले नाही.

अरबांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घराणी सर्वांच्या ओळखीची आहेत. त्यांचे पूर्वज हद्रमौतहून निजामाच्या फौजेत चाकरीला आले. 1948 नंतर अनेक अरबांना परदेशी ठरवून अटकेत ठेवले गेले, काहींना एडनमार्गे परत पाठवले गेले. ज्याचा जन्म इथला, ज्याची बायको इथली, त्याने परत जायचे ते कुठे, हा प्रश्न त्यांच्यामुळे सरकारपुढे उभा राहिला.

याच्या शेजारी कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचे उदाहरण ठेवावे. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना घरे, शाळा, दवाखाना, चर्च मिळाले. कोल्हापूरकरांचे औदार्य मोठे होतेच. पण त्या लोकांच्या पाठीशी त्यांचे परागंदा सरकार आणि इंग्रज सत्ता उभी होती. ज्याच्या मागे कोणी उभे नाही, त्याच्यासाठीच कायदा लागतो.

इस्लामच्या इतिहासात याचा दाखला जुना आहे. इसवी सन 615 च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान हबशाला गेले. कुरैशांचे वकील त्यांना परत मागायला पाठोपाठ पोहोचले. ख्रिस्ती राजा नजाशीने आधी आश्रितांची बाजू ऐकली. ती जाफर बिन अबू तालिब यांनी मांडली. मग राजाने त्यांना सोपवायला नकार दिला. (आपल्या गावाच्या नावातला जाफर तो नव्हे.) ऐकल्यावाचून निर्णय नाही आणि छळणाऱ्याच्या हाती परत देणे नाही: निर्वासितांच्या आजच्या कायद्याचा गाभा या दोन गोष्टींतच आहे.

भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. राज्यघटनेचे कलम 21 मात्र नागरिकाबद्दल न बोलता व्यक्तीबद्दल बोलते. त्याच आधारे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमांना संरक्षण दिले आणि 1998 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांच्या बाजूने हे तत्त्व मान्य केले. 2021 मध्ये जम्मूतील रोहिंग्यांना सर्वोच्च न्यायालयाने तसा अंतरिम दिलासा नाकारला. रीतसर प्रक्रियेशिवाय परत पाठवू नये, एवढेच सांगितले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत तीन शेजारी देशांतील सहा धर्मांच्या लोकांची नावे आहेत; मुसलमानांचे नाही. 2025 च्या नव्या परकीय नागरिक कायद्यानेही निर्वासित म्हणजे कोण हे सांगितलेले नाही.

म्हणजे आसरा मिळणे आजही दयेवर, न्यायाधीशावर आणि धर्मावर अवलंबून आहे. 1947-48 मध्ये मराठवाड्याच्या सरहद्दीने दोन्ही बाजूंची माणसे पळताना पाहिली. त्यांतल्या कोणालाही धर्म विचारल्याशिवाय आसरा देईल, असा कायदा तेव्हा नव्हता. आपण आज मागायचा तो असाच कायदा. तो फक्त आपल्या माणसांसाठी मागितला, तर त्या तेरा महिन्यांपासून आपण काहीच शिकलो नाही, असे होईल.