मफीबोशेथ

मफीबोशेथ : हिब्रू बायबलमधील एक व्यक्ती. इस्राएलचा पहिला राजा शौल याचा नातू व योनाथानाचा मुलगा. काळ इ. स. पू. सुमारे १०००. त्याची हकिकत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तुटक-तुटक आली आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्याचे नाव मरीब-बाल असे आहे. नावातल्या ‘बाल’ या परदैवताच्या जागी पुढच्या लेखनिकांनी ‘बोशेथ’ म्हणजे लाज हा शब्द घातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शौल व योनाथान गिलबोवा डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना पडले, तेव्हा हा पाच वर्षांचा होता. बातमी ऐकून दाई त्याला घेऊन पळाली. त्या धांदलीत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा अधू झाला. पुढे लो-दबार येथे माखीर नावाच्या गृहस्थाच्या आश्रयाने राहिला. जुन्या राजाच्या वारसाला नव्या राजाचे बोलावणे आले, तर त्याने जीव मुठीत धरूनच जायचे. नवा राजा दावीद याने मात्र त्याला बोलावून शौलाची सारी जमीन परत दिली, शौलाचा सेवक सीबा याला ती कसायला लावले आणि मफीबोशेथाला रोज राजाच्या पंक्तीला बसवले.

यावर त्याने स्वतःला ‘मेलेला कुत्रा’ म्हटले. ही नम्रता काही अंशी दरबारी शिष्टाचारच होय. लाखीश येथे सापडलेल्या, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभीच्या खापरांवरील पत्रांतही कनिष्ठ अधिकारी स्वतःला कुत्रा म्हणवतो. पण हाच शब्द दाविदाने एकेकाळी, जिवाच्या भीतीने रानोमाळ भटकत असताना, शौलापुढे स्वतःसाठी वापरला होता. आता शौलाचा नातू तो दाविदापुढे उच्चारतो.

ख्रिस्ती प्रवचनांत ही कथा योग्यतेविना लाभलेल्या कृपेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मूळ शब्द ‘हेसेद’ आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘दया’ येते, पण हेसेदमध्ये दिलेल्या शब्दाला जागणेही आहे. योनाथानाने दाविदाकडून आपल्या घराण्यासाठी तसे वचन घेतले होते. मफीबोशेथाच्या बाजूने पाहता कृपा, दाविदाच्या बाजूने पाहता ऋण. शिवाय जुन्या गादीचा वारस रोज डोळ्यांसमोर जेवतो ही सोय राजकारणालाही परवडणारी होती. कथाकार त्यावर काही बोलत नाही.

पुढे आपला मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा सीबाने शिधा आणून धन्यावर फितुरीचा आरोप केला. दाविदाने चौकशी न करता सारी मालमत्ता सीबाला दिली. राजा परतला तेव्हा मफीबोशेथ सामोरा आला : पायांची निगा नाही, मिशा वाढलेल्या, कपडे मळलेले. सेवकाने आपल्याला फसवले, असे त्याने सांगितले. दाविदाने जमीन दोघांत वाटली. त्यावर तो म्हणाला, राजा सुखरूप परतला आहे, सगळीच सीबाला घेऊ द्या. खरी नम्रता या उत्तरात दिसते, पहिल्या भेटीतल्या ‘कुत्रा’ शब्दात नव्हे.

ज्यूंच्या तालमूद या ग्रंथाला हा निवाडा खटकला. ‘शब्बात’ या प्रकरणात रव या आचार्यांच्या नावे असे मत आहे की, दाविदाने जमिनीची वाटणी सांगितली त्याच क्षणी पुढच्या काळातील राजे रहबाम व यराबाम राज्य वाटून घेतील अशी आकाशवाणी झाली. बायबलच्या कथेत पुढे गिबोनी लोकांनी शौलाने केलेल्या कत्तलीचा बदला म्हणून त्याच्या वंशातले सात जण ठार करण्यासाठी मागितले, तेव्हा योनाथानाला दिलेल्या शपथेमुळे दाविदाने मफीबोशेथाला वाचवले. मीखा हा त्याचा मुलगा. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील वंशावळीत या शाखेच्या शेवटी उलामाचे मुलगे येतात. ते धनुर्धारी योद्धे होते व त्यांच्या मुला-नातवांची संख्या १५० दिली आहे.